समतोल छान साधलाय

तुमच्या आत्याच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या वर, ते चित्र असणारच. जांभळी साडी नेसलेली बाई, हातात दिवा, ज्योतीपुढे आडवा धरलेला तळवा, मागे अंधार. आत्याकडे नसेल तर सलूनमधल्या कॅलेंडरवर बघितलं असेल. चार माणसं जमलेली आहेत, भजी अजून कढईत आहेत, आणि तेवढ्यात काका म्हणतात, "तुला चित्रातलं कळतं ना रे? सांग की काहीतरी." हा प्रसंग कधी ना कधी येतोच, म्हणून तयारी हवी. मुख्य पथ्य एकच, चित्र बघत बसू नका. बघण्यात वेळ जातो.

हे मी अनुभवाने सांगतोय. इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षेत स्थिरचित्राच्या पेपरला समोर घागर, दोन कांदे आणि एक निळं फडकं मांडलं होतं. आमचे चित्रकलेचे सर वर्षभर बजावत आले होते, "आधी घागर बघ, मग कागद." मी घागर बघितली. तिच्या पोटावर खिडकी वाकडी होऊन उमटली होती, फडक्याचा निळा रंग पितळेत जाऊन हिरवट झाला होता. ते बघता बघता वेळ संपली. माझ्या शेजारच्याने घागर न बघताच काढली, पाठच होती त्याला. त्याला ए मिळाला, मला सी. तेव्हापासून मी बघण्याच्या भानगडीत पडत नाही. समतोल, लय अशी चित्ररचनेची तत्त्वं लावतो.

पहिलं वाक्य ठामपणे टाकायचं, "रविवर्मा! काय माणूस होता!" रविवर्मा १९०६ साली गेले आणि हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं आहे, या गोष्टीने बिचकू नये. ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी स्वतःच्या मुलीला उभं करून रंगवलं, जलरंगात, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पण हे सगळं सांगायला गेलात तर आत्या दुखावते. तिने रविवर्मा म्हणूनच फ्रेमचे पैसे दिलेले असतात.

मग डोळे किंचित बारीक करायचे, दोन पावलं मागे जायचं (टीपॉय कुठे आहे ते आधी पाहून) आणि म्हणायचं, "समतोल छान साधलाय." या वाक्याला "कुठे?" असं आजवर कोणी विचारलेलं नाही. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तर तो सममित समतोल. नसल्या तर असममित, आणि तो जास्त अवघड असतो बरं का, असं सुचवायचं. सगळंच एका बाजूला कलंडलेलं असेल तर चित्रकाराने मुद्दाम अस्वस्थता निर्माण केलेली असते. भिंतीवरच्या चित्रात असमतोल म्हणून काही नसतोच. तो फक्त खिळ्यात असतो.

लय फार शोधावी लागत नाही, साडीच्या चुण्या दिसल्या की लय. जिथे काहीच काढलेलं नाही त्याला अवकाश म्हणावं आणि तो बोलका आहे म्हणावं.

इथवर कोणीही पोचतं. छाप पाडायची तर मोबाइल काढा. कॅमेऱ्यात ग्रिड सुरू करा, म्हणजे दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा येतील. हा तृतीयांशाचा नियम. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रजाने १७९७ साली तो छापून ठेवला, निसर्गदृश्यांबद्दल लिहिताना, पण आपण बाईला लावला म्हणून काही बिघडत नाही. महत्त्वाची गोष्ट रेघेवर आली तर चित्रकाराने नियम पाळलाय. मधोमध आली तर त्याने तो जाणीवपूर्वक मोडलाय. चित्रकार दोन्हीकडून थोर ठरतो आणि तुम्ही दोन्हीकडून बरोबर. त्यावर १.६१८ हा आकडा टाकून सुवर्णगुणोत्तराची जिलेबी, म्हणजे त्या प्रमाणात उलगडत जाणारी गोल वळणांची रेघ, ठेवायची. ती चारही बाजूंनी उलटसुलट करता येते, लहानमोठीही करता येते, त्यामुळे तिचं टोक कुठेतरी बसतंच. नाकावर बसलं तर उत्तम. मागच्या भिंतीवर बसलं तर "बघा, नजर कशी अंधाराकडे नेलीय."

तत्त्वांवर कोणी शंका घेतलीच तर त्याला चौकात न्या आणि वाढदिवसाचा फ्लेक्स दाखवा. तत्त्वांचा एवढा चोख वापर मी दुसरीकडे पाहिलेला नाही. प्राबल्य बघा, दादांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा. प्रमाण बघा, ज्याचं जसं पद तसा त्याचा फोटो. जिल्हाध्यक्ष ताटाएवढे, शहरप्रमुख वाटीएवढे, शुभेच्छुक बटणाएवढे. सबंध पक्षाची रचना न वाचता कळते. लय तर खालच्या पट्टीत आहे, एकाच गॉगलचे, एकाच दाढीचे, हात जोडलेले सव्वीस जण ओळीने. विरोधासाठी लालावर पिवळं, आणि 'भावी नगरसेवक' या अक्षरांना चंदेरी किनार. एकसंधता म्हणाल तर सगळे एकाच फोटोशॉपमधून आलेत. फक्त अवकाश नाही, कारण तो होता तिथे दादांच्या मेहुण्याचा फोटो आयत्या वेळी आला. संकल्पचित्राच्या पेपरला हा फ्लेक्स बसवला असता तर ए होता.

आता एक धोक्याची जागा सांगून ठेवतो, कारण तिथे भलेभले घसरतात. आत्याच्या त्या चित्रात ज्योतीपुढे धरलेला तळवा आहे ना, त्याच्याजवळ जाऊ नका. बोटांच्या कडा तांबूस उजळल्यात. लाइट गेल्यावर लहानपणी आपण टॉर्चवर हात धरायचो आणि आपलीच बोटं आतून लाल दिसायची, तसा रंग आहे तो. ते दिसलं की पुढे सुचतं, की हा माणूस जलरंगात काम करतोय. पारदर्शक जलरंगात उजेड रंगवता येत नाही. उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद. सगळा काळोख बाहेरून आणत आणत त्या बोटांपर्यंत आणायचा आणि तिथे थांबायचं. अर्धा सेंटिमीटर पुढे गेलं तर दिवा विझला, तो परत लावायची सोय नाही. तेलरंगात वरून पिवळा थापता येतो, इथे नाही. मग आठवतं की पिवळा आणि जांभळा रंगचक्रात समोरासमोर बसतात, म्हणजे साडी जांभळी आहे म्हणून दिवा एवढा पिवळा वाटतोय, आणि मग साडीकडे परत बघावंसं वाटतं, की काठाच्या कुठल्या भागावर उजेड पोचलाय आणि कुठल्या भागावर नाही.

इथे तुमचा सी ग्रेड झाला. काका वाट बघताहेत, भजी निवताहेत, आणि तुम्ही तोंड उघडं टाकून उभे. म्हणून तळवा दिसला की लगेच "केंद्रबिंदू" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. केंद्रबिंदू म्हटलं की त्या गोष्टीकडे पुन्हा बघावं लागत नाही.

अमूर्त चित्रांची काळजी करू नका, ती सोपी असतात. समजा कोणी वासुदेव गायतोंड्यांचं चित्र दाखवलं. बाई नाही, दिवा नाही, बऱ्याचदा शीर्षकही नाही, रोलरने आणि सुरीने सरकवत नेलेले रंग. जिलेबी ठेवायला नाकसुद्धा नाही. अशा वेळी सर्वांत प्रभावी दृश्यतत्त्व वापरायचं, ते म्हणजे किंमत. २०१३ साली मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं, एवढं सांगायचं. सगळ्यांना समतोल आपोआप दिसतो. रोलरचा थर कुठे दाट उरला आणि कुठे खालचा रंग वर आला, ते शोधायला कोणी वाकत नाही.

भजी आली की विश्लेषण आवरतं घ्यायचं, पण पुरावा हवा. ग्रिड अजून सुरूच आहे, तेव्हा सोफ्यावर गुडघा टेकवून चित्राचा एक फोटो काढून स्टेटसला टाका, वर लिहा 'रविवर्मा, कालातीत'. हॉलमधली ट्यूब मंद असते, म्हणून फ्लॅश आपोआप पडेल आणि फ्रेमच्या काचेवरून परत येईल. फोटोत साडीवर मोबाइल धरलेले तुम्ही दिसाल, आणि दिव्याच्या जागी, दोन रेघा छेदतात तिथे बरोब्बर, एक पांढरा गोळा.