एक इंची एल्बो नेमका कोणता? कॅटलॉग की सर्च

माल निवडायला छापील कॅटलॉग बरा की मोबाइलवरचा सर्च, हा वाद सुरू झाला एका एल्बोवरून, म्हणजे पाइपाला वळण देणाऱ्या जोडावरून. राजूने मोबाइलवर ‘एक इंची पीव्हीसी एल्बो’ टाकलं, ढीगभर चित्रं आली, आणि तो म्हणाला, “आता कॅटलॉगची पानं कोण उलटत बसेल?” आबांचं हार्डवेअरचं दुकान जळगावातच, आम्ही बसतो त्या कट्ट्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यांनी चष्मा वर केला.

“यातला तुला कोणता पाहिजे?”

“एक इंची.”

“एक इंची तीन असतात, भो.”

मग आबांनी जे सांगितलं ते पाइप जोडणाऱ्या प्रत्येकाने वहीत उतरवून ठेवावं. आपण शेतात टाकतो तो आयएस 4985 या भारतीय मानकाचा पाइप. त्याला सगळे एक इंची म्हणतात, पण त्याचं माप बाहेरच्या व्यासावर असतं, 32 मिलिमीटर. घरातल्या नळाचा शेड्यूल 40 चा (हे भिंतीच्या जाडीचं अमेरिकी माप) एक इंची पाइप बाहेरून 33.4. गरम पाण्याच्या सीपीव्हीसीचा एक इंची 28.6. आणि ऑनलाइन यादीत नुसतं ‘25 एमएम’ लिहिलेलं असलं तर घोटाळा आणखी वाढतो. शेतीच्या पाइपात 25 म्हणजे बाहेरचा व्यास 25, म्हणजे पाऊण इंची. सीपीव्हीसीत मात्र 25 म्हणजे एक इंची.

“पण 32 चा पाइप 33.4 च्या सॉकेटात, म्हणजे एल्बोच्या तोंडात, जाईलच ना?” राजू म्हणाला.

“जाईल, आणि खडखड वाजेल. तिथंच फसगत होते.” पाइप जोडायचं सोल्व्हंट सिमेंट फट भरायला नसतं. ते पाइप आणि सॉकेटचा पृष्ठभाग मऊ करून एकमेकांत विरघळवतं. दीड मिलिमीटरची ढिलाई असली तर सिमेंट सुकताना आकसतं, वरून जोड पक्का दिसतो आणि मोटार चालू झाल्याच्या पहिल्याच दणक्याला निसटतो. सिमेंट लावायच्या आधी पाइप कोरडाच सॉकेटात घालून बघायचा. एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीला तो घट्ट बसायला हवा. थेट तळाला टेकला तर फिटिंग दुसऱ्या जातीचं आहे. बरोबर असेल तर टोक काटकोनात कापायचं, कड तासायची, दोन्हीकडे सिमेंट लावायचं, पाव वळसा देत आत दाबायचं आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचं. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सिमेंट, साध्या पीव्हीसीचं चालत नाही.

आबांचा मुद्दा असा की कॅटलॉगमध्ये या तिन्ही जातींना वेगवेगळी पानं असतात. प्रत्येक पानाच्या वर मानकाचा नंबर, शेजारी आडवा छेद, खाली व्यास, भिंतीची जाडी आणि सॉकेटची खोली. आपल्याला नको असलेलं पानही डोळ्यांखालून जातं, म्हणून नको ते काय आहे हेही कळतं. सर्चला आपण जो शब्द देतो तेवढ्यापुरतंच तो दाखवतो. शब्दच अपुरा असला तर त्याने तरी काय करावं? मला हे पूर्ण पटतं.

ताई आयटीआयत फिटर ट्रेड शिकवतात. त्यांनी यात उन्हाची भर घातली, आणि खान्देशात ती गोष्ट लाखमोलाची आहे. पाइपावर 6 किलो, 10 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) असा जो दाब छापलेला असतो तो 27 अंश सेल्सिअसला धरलेला असतो. तापमान चढलं की पीव्हीसीची ताकद उतरते. मे महिन्यात भुसावळ-जळगावला हवाच 45 च्या पुढे जाते, मग गच्चीवर उघड्या पडलेल्या पाइपाचं तापमान विचारायलाच नको. कोणत्या तापमानाला दाब किती कमी धरायचा, याचा तक्ता चांगल्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये मागच्या पानांवर असतो. ऑनलाइन यादीत ‘6 किलो’ एवढंच दिसतं. म्हणून आपल्याकडे उघडा पाइप एक वर्ग वरचा घ्यावा, नाहीतर गाडून टाकावा.

राजू गप्प बसणाऱ्यातला नाही. “पाइपाचं सोडा. बेअरिंगला कॅटलॉग कशाला लागतो? नंबर कोरलेलाच असतो.”

यावर त्याला कोणी अडवलं नाही, कारण तो खरंच बरोबर होता. 6204 टाकलं की 6204 च येतं: आत 20, बाहेर 47, रुंदी 14 मिलिमीटर. शेवटच्या 04 ला पाचाने गुणलं की आतला व्यास मिळतो. (00 ते 03 ला हा नियम लागत नाही, ते 10, 12, 15 आणि 17.) नंबर पुसट असला तर व्हर्नियरने तीन मापं घेऊन तीच सर्चमध्ये टाकली तरी नंबर सापडतो. बापूंनी एवढंच जोडलं की शेपटाकडे, म्हणजे नंबरामागच्या अक्षरांकडे, दुर्लक्ष करू नका. झेडझेड म्हणजे दोन्हीकडे पत्र्याची झाकणं, टूआरएस म्हणजे रबरी सील. सी3 म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त ढिलाई, तापणाऱ्या मोटारीसाठी. मूळ बेअरिंगवर सी3 असताना साधं बसवलं तर गरम झाल्यावर ते जाम धरतं.

बापूंचं मोटार रिवाइंडिंगचं काम. त्यांच्या धंद्यात सर्च कुठे घात करतो, ते त्यांनी तारेवरून दाखवलं. आपल्याकडे वाइंडिंगची तार एसडब्ल्यूजी या ब्रिटिश गेजने ओळखतात. 22 गेज म्हणजे 0.711 मिलिमीटर. नेटवर ‘22 गेज’ शोधलं की परदेशी पानं एडब्ल्यूजी या अमेरिकी गेजचा आकडा देतात आणि तिथं 22 म्हणजे 0.644. फरक केसाएवढा वाटतो, पण क्षेत्रफळ काढलं तर तांबं जवळपास 18 टक्के कमी. मोटार चालते, पण तापते, आणि इनॅमल, म्हणजे तारेवरचा रोधक लेप, जळून परत टेबलावर येते. बापू म्हणाले, “गेज सांगू नका, मिलिमीटर सांगा. मायक्रोमीटर लावा, इनॅमल जाळून मग मोजा.”

पट्ट्याची गोष्टही त्यांनीच काढली. पिठाच्या गिरणीचा बी-52 पट्टा म्हणजे बी सेक्शन, वरची रुंदी 17, जाडी 11 मिलिमीटर, आणि 52 इंच ही आतली लांबी. पुष्कळ जण जुन्या पट्ट्यावर बाहेरून टेप गुंडाळतात. बाहेरची लांबी आतल्यापेक्षा 69 मिलिमीटर जास्त भरते, म्हणजे पावणेतीन इंच. त्यात जुना पट्टा ताणलेला. मग माणूस बी-55 मागवतो आणि मोटार रेलवर शेवटच्या टोकाला सरकवूनही पट्टा सैलच राहतो. कॅटलॉगच्या तक्त्यात आतली, पिच (मधल्या रेषेवरची) आणि बाहेरची, अशा तिन्ही लांब्या एका ओळीत असतात.

“पण आबा, तुमच्या त्या पुस्तकातले भाव?” राजूने शेवटी हुकमी पत्ता काढला.

आबांनी मान्य केलं. छापील दर छापल्या दिवसापासून शिळे व्हायला लागतात. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला, ठिबकवरचा 12 टक्क्यांवरून 5 वर आला, आणि त्याआधीच्या याद्यांमधला करासह दर त्या दिवशीच निकामी झाला. माल शिल्लक आहे की बंद पडला, हेही कागद सांगत नाही. शिवाय घाऊक कॅटलॉगमध्ये पॅकिंग शंभराचं असतं आणि घरी काम करणाऱ्याला सर्क्लिप (शाफ्टवर बसणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) लागतात चार. बेसिनच्या एकदांडी नळाचं सिरॅमिक कार्ट्रिज 35 चं की 40 मिलिमीटरचं, एवढं मोजून घेतलं तर ते शोधायला सर्चसारखं साधन नाही.

राजूने मग जगाचा दाखला दिला. अमेरिकेत सीअर्सचा मोठा कॅटलॉग 1993 मध्येच बंद झाला, आयकियाने 1951 पासून चालवलेला 2021 च्या आवृत्तीनंतर थांबवला. ताईंनी फरक दाखवला. ते कॅटलॉग घरोघरी माल विकायला होते, खुर्ची आवडली की मागवायची. पाइप, पट्टा, बेअरिंग यांचा कॅटलॉग मापांचं कोष्टक असतो, आणि ते कोष्टक कंपन्यांनी बंद केलेलं नाही, पीडीएफ करून आपल्या साइटवर ठेवलंय. नंबर माहीत असेल तर पीडीएफमध्ये क्षणात सापडतो. फक्त स्कॅन केलेली पीडीएफ असली तर अक्षरं शोधता येत नाहीत, आणि मोबाइलवर रुंद तक्ता वाचताना वरचं शीर्षक सरकून जातं. मग 2.5 किलोच्या रकान्यातली जाडी 4 किलोची समजून माणूस पाइप आणतो. लागतात ती दोन पानं छापून भिंतीला लावावीत, हे ताईंचं म्हणणं मला सगळ्यात कामाचं वाटलं.

रावेरकडचे नाना केळीवाले. त्यांना ठिबकचंच विचारायचं होतं: 16 ची नळी, 16 चा जॉइनर, तरी निसटतो का? कारण 16 हे नळीचं बाहेरचं माप आहे आणि काटेरी जॉइनर बसतो आतून. नळीची भिंत जाड की पातळ यावर आतला व्यास बदलतो. पातळ नळीत जाड नळीचा जॉइनर सैल, जाड नळीत पातळचा घातला तर तोंड चिरतं. ग्रोमेटचंही, म्हणजे नळी मुख्य पाइपाला जोडताना भोकात बसवायच्या रबरी कड्याचंही, तसंच. सबमेनला (नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपाला) भोक किती मिलिमीटरच्या ड्रिलने पाडायचं ते कंपनीगणिक वेगळं आणि कॅटलॉगमध्ये ग्रोमेटच्या शेजारीच छापलेलं. अर्धा मिलिमीटर मोठं पडलं की कायम गळती. तिथंच नळीची कमाल लांबी किती ठेवायची त्याचाही तक्ता असतो. 60 सेंटिमीटरवर 4 लिटरचा ड्रिपर, 60 मीटर नळी, म्हणजे 100 ड्रिपर आणि तासाला 400 लिटर. अशा 25 नळ्या एकदम उघडल्या तर फिल्टरमधून तासाला 10,000 लिटर जायला हवेत. “हा हिशेब आधी, खरेदी मागून,” आबा म्हणाले. “फिल्टर लहान पडला तर शेवटच्या झाडाले पाणीच जात नही.”

उठता उठता राजूने पितळी निपलचा फोटो दाखवला, अर्धा इंची, ऑनलाइन स्वस्त. आबांनी वर्णन खाली सरकवायला लावलं. तिथं एनपीटी, म्हणजे अमेरिकी पाइप-आटे, लिहिलं होतं. आपले नळ बीएसपीचे, म्हणजे ब्रिटिश आट्यांचे. दोन्हींना इंचात 14 आटे, म्हणून निपल सुरुवातीला छान फिरतो. पण बीएसपीच्या आट्याचा कोन 55 अंश, एनपीटीचा 60. कितीही टेफ्लॉन गुंडाळा, आट्यांच्या बुडाशी फट राहते आणि पाणी थेंबाथेंबाने बाहेर येतं. राजूने सर्चमध्ये ‘बीएसपी’ जोडून पुन्हा टाकलं.