पहिलं पुस्तक कुठलं द्यायचं?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणारा आमच्या तालमीतला एक पोरगा परवा रात्री गंगावेशीत दूध पिता पिता म्हणाला, "दादा, मला वाचायचं हाय. शाळा सुटल्यापासनं पुस्तक हातात धरलेलं न्हाई. एकच नाव सांगा, धा नको." मागं म्हशीची धार काढणं चाललेलं, हातात फेसाळ दुधाचे पेले, आणि आमचा कट्टा एवढ्यावर पेटला.

मास्तर रिटायर झालेत, पण आवाज वर्गातलाच. "मृत्युंजय! दुसरं नाव घिऊ नका." शिवाजी सावंत आजऱ्याचे, कादंबरी आली १९६७ साली, हे त्यांनी आधी सांगून टाकलं. आपल्या जिल्ह्याचं नाव झालं पाहिजे, हा त्यांचा हट्ट कायमचाच. मग मुद्द्यावर आले. "कर्ण सोता बोलतोय त्यात. मग कुंती बोलती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण, आणि शेवटाला कृष्ण. माणूस एकच, पण सहा जणांच्या तोंडनं. आईला तो कसा दिसतोय आणि मित्राला कसा, हे कळाय लागलं की पुस्तक खाली ठेववत न्हाई."

मृत्युंजयची ओढ खरीच तिथं आहे. ज्याला जन्मभर 'तू कुठला, कुणाचा' असं विचारलं गेलं, त्याची बाजू तो स्वतः मांडतो, आणि ती ऐकताना वाचणारा आपोआप त्याच्याकडून उभा राहतो. पण ग्रंथ केवढा जाड! भाषा भरजरी, एकेका वाक्यावर उपमांचे थर. बारा तास मशीनपाशी उभं राहून आलेल्या पोरानं रात्री जेवून ते उघडायचं म्हणजे चार पानांत डोळा लागणार. आणि पहिलं पुस्तक अर्धवट राहिलं की माणूस पुस्तकाला बोल लावत नाही, 'आपल्याला जमत न्हाई' म्हणून स्वतःला लावतो. मला भीती वाटते ती याची.

मास्तर भडकले. "पोरास्नी कमी समजू नका. दहावी नापास झालेल्या पोरांनी कर्ण पाठ केलेला मी बघितलाय." हे त्यांचं बोलणं खरं आहे. तशी पोरं मीही बघितलीत.

तेवढ्यात अण्णांनी आनंद यादवांची 'झोंबी' पुढं केली. १९८७ चं पुस्तक, साहित्य अकादमी मिळालेलं. कागलचं पोर, दुसऱ्याच्या मळ्यात राबणारं घर. बाप म्हणतोय मोटेवर चल, आणि पोराला शाळा पाहिजे. अण्णा म्हणाले, "आपली भाषा, आपला मुलूख. कागल काय लांब हाय? लेका, तुझंच पुस्तक हाय ते."

पोरगं पेला खाली ठेवून म्हणालं, "अण्णा, माझा बा तसलाच हुता. माझी शाळा त्यापायीच गेली. तेच परत कशाला वाचू?"

कट्टा गप्प झाला. मग अण्णाच सावकाश बोलले. "म्हणूनच वाच. आपल्यावर जे गेलं ते आपल्याला सांगाय येत न्हाई. यादवांनी ते सांगितलंय, बापाला शिव्या न घालता सांगितलंय. बाप मारतोय, पण तोबी कशाखाली पिचलाय ते दिसतंय. मला माझा बा त्या पुस्तकात समजला, तवर मी त्याच्यासंगं धड बोलत नव्हतो."

अण्णांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. झोंबीचं मोठेपण यापेक्षा चांगलं कुणी सांगेल असं मला वाटत नाही. तरी माझं मत तेच राहिलं, की हे पुस्तक माणसानं आपल्या वेळेनं उघडावं. जखम कधी दाखवायची हे ज्याची त्यानं ठरवायचं असतं. आपण पुस्तक सुचवतो तेव्हा आपल्याला काय आवडलं एवढंच धरून बोलतो, समोरचा कुठल्या दिवसांतनं चाललाय ते बघत नाही.

ताईंचं मत 'स्मृतिचित्रे'ला. त्यांचं म्हणणं, लक्ष्मीबाई टिळक लिहीत नाहीत, शेजारी बसून सांगतात. सोवळ्यापायी अख्ख्या घराला जेरीस आणणारे वडील, नवऱ्यानं ख्रिस्ती धर्म घेतल्यावरची ताटातूट, आणि तरी पानोपानी हसू. मला हे पुस्तक जिवापाड आवडतं. पण त्या पोराच्या आईला आधी द्यावं, म्हणालो. ताईंनी ते मनावर घेतलंय. महादेव मोरेंचंही नाव निघालं. निपाणीत पिठाची गिरणी चालवत त्यांनी तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ड्रायव्हर, हमाल यांच्या कथा लिहिल्या. लेथवाल्याला त्या जवळच्या वाटतील.

मी सांगितली 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. 'भारी हाय, नाद खुळा हाय' असं म्हणून कुणी वाचत नाही, म्हणून मी त्याला पुस्तकातलंच सांगितलं. औंध संस्थानातली धनगरांची वस्ती. कोवळा मास्तर तिथं शाळा चालवायला जातो. माणसं मेंढरांमागं रानात, शाळेत पोरं कुठली? म्हातारा कारभारी त्याला जोखतो आणि हळूहळू जवळ घेतो. मग मास्तरच्या डोक्यात येतं, गावाला तालीम पाहिजे. पैसा कुणाकडं नाही, तरी माणसं आपल्या अंगमेहनतीनं ती उभी करतात, आणि उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात.

तालीम म्हटल्यावर पोरगं सरसावून बसलं. तांबड्या मातीत वाढलेला गडी, तालमीची भिंत वर येतानाचं वर्णन त्याला कुणी समजावून द्यायला नको.

मग शेकूच्या बायकोचं सांगितलं. घरात बैल एकच. रान पडून राहायची वेळ आली तेव्हा दुसऱ्या बैलाच्या जागी तिनं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. माडगूळकर त्यावर हळहळत नाहीत, 'बघा किती गरिबी' म्हणत नाहीत. लहान लहान वाक्यं, जे घडलं तेवढंच. बाकीचं वाचणाऱ्याच्या पोटात होतं. पुस्तक दीडशे पानांच्या आतबाहेर. आठवड्यात संपतं आणि संपल्यावर पुस्तक पुरं केल्याचा हुरूप येतो. पहिल्या पुस्तकाकडून मला हेच पाहिजे.

मास्तर म्हणाले, "एवढं साधं दिलं तर मोठं कधी वाचणार?" हे मला अजिबात मान्य नाही. बनगरवाडी साधी दिसते, पण दुष्काळ त्या वस्तीचं काय करतो हे वाचून मी रात्रभर जागा होतो.

पोरानं विचारलं, "मग त्या बाईनं नांगरलं रान?"

मी म्हणालो, ते तिथंच वाच. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आपल्या गावात आहे. वर्गणी भर आणि पुस्तक घेऊन ये.

"आणि ते झालं की मृत्युंजय," मास्तर.

"मधी झोंबी," अण्णा.

दुसरं पुस्तक त्याचं त्यानं मागावं असं माझं म्हणणं. मास्तरांना ते अजून पटलेलं नाही.