शून्य कुणाचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘बाबिलोन आणि माया लोकांकडेही शून्य होतं असं लिहून तुम्ही भारताचं श्रेय वाटून टाकलंत, शून्य आर्यभटांचं, आणि बख्शाली हस्तलिखित (शून्यासाठी टिंब वापरणारी गणिताची जुनी भारतीय पोथी) तिसऱ्या शतकातलं हे सिद्ध झालंय,’ असा तुमचा आक्षेप आहे. मी श्रेय वाटलेलं नाही. पण कुणाचं शून्य नेमकं काय काम करत होतं, ते आधी पाहायला हवं.

बाबिलोनी पद्धत साठाच्या पटीची. मातीच्या पाटीवर उभी पाचर म्हणजे 1. दोन पाचरी चिकटून उठवल्या की 2, मध्ये जरा फट सोडली की 61, फट आणखी रुंद केली की 3601. लिहिणाऱ्याचा हात सरकला की आकडा कुठल्या कुठे! इ.स.पू. 300 च्या सुमारास मधल्या रिकाम्या घरात दोन तिरप्या पाचरी येऊ लागल्या आणि 3601 ची अडचण सुटली. शेवटच्या घरात मात्र ही खूण सहसा करत नसत. त्यामुळे 1, 60 आणि 3600 या तिन्हींना तीच एक पाचर, अर्थ संदर्भावरून लावायचा. म्हणजे ही रिकाम्या जागेची खूण झाली, बेरीज-वजाबाकीत घ्यायची संख्या नव्हे.

मध्य अमेरिकेतल्या माया लोकांची पद्धत विसाच्या पटीची, आणि शून्याची त्यांची खूण म्हणजे शिंपला. तो शेवटच्या घरातही येतो. पण त्यांच्या दीर्घ कालगणनेत, म्हणजे दिवस मोजायच्या पद्धतीत, तिसरं घर 20×20, म्हणजे 400 चं नसून 18×20, म्हणजे 360 चं असतं. दिवस मोजायला सोयीचं, गुणाकाराला कटकटीचं.

आता आर्यभट. ‘आर्यभटीय’ (इ.स. 499) मध्ये संख्या अक्षरांनी लिहिल्या आहेत, तिथे शून्याची खूण लागतच नाही. ‘स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्’ (प्रत्येक घर आधीच्या घराच्या दहापट) हे वचन आणि वर्गमूळ काढायची रीत यांवरून स्थानमान त्यांना पक्कं ठाऊक होतं एवढं दिसतं. त्याआधीच्या आपल्या नाणेघाटातल्या लेखात 10, 100, 1000 यांना वेगवेगळी चिन्हं आहेत. 289 लिहायचे तर 200, 80 आणि 9 अशी तीन.

भारताचं श्रेय खरं आहे ते गणिती ब्रह्मगुप्तांच्या इ.स. 628 मधल्या नियमांत. धन उणे शून्य धन, ऋण उणे शून्य ऋण, शून्याने गुणलं की शून्य. इथे शून्याशी संख्या म्हणून व्यवहार होतो. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, हा त्यांचा नियम मात्र चुकला: कोणत्याही संख्येला शून्याने गुणलं तरी शून्यच येतं, मग उत्तर एकच कसं ठरणार?

बख्शालीचं म्हणाल, तर 2017 मध्ये ऑक्सफर्डने जाहीर केलेल्या कार्बन चाचणीत तीन पानांची तीन वयं निघाली: 224 ते 383, 680 ते 779 आणि 885 ते 993. एकाच ग्रंथाची पानं सहा-सातशे वर्षांच्या अंतराने लिहिली गेली असं मानणं अवघड आहे, म्हणून अनेक अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतला. सर्वांत जुना आकडा उचलून ‘सिद्ध झालं’ म्हणता येत नाही. तारखेसह कोरलेलं शून्य हवं असेल तर ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातला 876 चा लेख दाखवा: 270 हात लांबीची बाग, रोज 50 हार. त्याहून जुना कंबोडियातला शके 605 चा, म्हणजे इ.स. 683 चा लेख. त्यात शून्याच्या जागी टिंब आहे.