कापसाच्या गाठी आणि कॉन्व्हेंटची व्हॅन

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात परवाच्या ग्रामसभेत जिल्हा परिषदेच्या शाळेवरून वाद झाला. पटावर चौदा मुलं उरलीत. बाकीची सगळी सकाळी सातला पिवळ्या व्हॅनमध्ये कोंबून तालुक्याच्या कॉन्व्हेंटला जातात. एक जण उठून म्हणाला, "आता जग जवळ आलं. मराठी शाळेत शिकून पोरगं कुठं जाईन? लावा एकदाचं कुलूप." मोठ्या भावाने हे मला फोनवर सांगितलं आणि वर विचारलं, "चुकलं काय त्याचं?"

तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. जग जवळ आलं म्हणे! आमच्या वऱ्हाडात जग 1861 पासूनच येऊन बसलंय. अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा त्यांना आमची काळी जमीन आठवली. पुढे शकुंतला रेल्वेच्या अरुंद रुळांवरून यवतमाळच्या गाठी मूर्तिजापूरला जाऊ लागल्या आणि तिथून मुंबईमार्गे बोटीवर. मी जर्मनीत ब्रेमेनमध्ये राहतो, रोज डोम्सहाइडे या थांब्यावर ट्राम बदलतो. तिथून दोन पावलांवर कापूस बाजाराची इमारत आहे. ही संस्था 1872 सालची. पहिल्यांदा तिच्यासमोर उभा राहिलो तेव्हा बाबांचे कापूस वेचून चिरलेले हात आठवले. हे बाजार कुठे असतात, त्यात भाव कसा ठरतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आजही सांगत नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क सरकारने उठवलं, वेचणी तोंडावर आलेली असताना. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा क्विंटलला 8,110 रुपये होता, आणि गावात येणारा व्यापारी त्याच्या कितीतरी खाली मागत होता. आमच्याकडे जग येतं ते असं, भाव होऊन. तो भाव का पडला हे समजायला शिक्षण लागतं, आणि ते पोराच्या डोक्यात शिरेल अशा भाषेत लागतं.

माझा पुतण्या चौथीत आहे. 'फोटोसिंथेसिस'चं स्पेलिंग तो एका दमात म्हणतो. मी विचारलं, झाडाला ऊन कशाला लागतं रे? गप्प. त्याच वेळी त्याचा बाप धुऱ्यावर, कपाशीच्या कळ्यांची ही पातेगळ कशाने झाली म्हणून डोकं धरून बसला होता. शाळेतलं झाड आणि शेतातलं झाड एकच आहे, हे त्या पोराला कोणी जोडून दिलेलंच नाही. इथे माझ्या मुलीची ग्रुंडशूल, म्हणजे प्राथमिक शाळा, अख्खी जर्मनमध्ये चालते. बेरजा जर्मनमध्ये, बेडकाचं जीवनचक्र जर्मनमध्ये. इंग्रजी तिला तिसरीत आलं. म्हणून हे लोक जगाच्या मागे पडले का? जगभर यंत्रं विकतात!

आणि हे जर्मनांकडून शिकायचीही गरज नव्हती. यवतमाळपासून दोन तासांवर वर्ध्याला 1937 मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. सात वर्षांचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, हातातल्या कामाला धरून, असं तिथे ठरलं. सूत कातता कातता गणित शिकवायचं. कापसाच्या मुलखाला याहून जवळची शाळा कोणती? आम्ही ती बाजूला ठेवली आणि कॉन्व्हेंटच्या टायला भुललो.

हे सगळं मी भावाला तावातावाने सांगितलं. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुया पोरीले मराठी वाचता येते का?"

नाही येत. तिच्या शाळेत प्रत्येक पोराला आईच्या भाषेत शिकवतात असं मी गावात सांगत सुटतो, पण ते खरं, ती आई जर्मन असेल तरच. माझी मुलगी आजीशी फोनवर तीन वाक्यं बोलते: जेवलीस का, मी बरी आहे, बाय. चौथ्या वाक्याला ती माझ्याकडे बघते आणि मी दोघींमध्ये दुभाष्या होतो. आईची गोष्ट माझ्या तोंडून तिच्यापर्यंत पोचते तेव्हा त्यातली वऱ्हाडी गेलेली असते. मी त्या चौदा पोरांच्या शाळेतून शिकून निघालो, आणि तिथे जे मिळालं ते मी माझ्या लेकीला देऊ शकलेलो नाही.

आणखी एक आहे, ते भावाने बोलून दाखवलं नाही. पुतण्याच्या कॉन्व्हेंटची फी मीच भरतो. तीन वर्षं झाली. वहिनी म्हणाली होती, "भाऊजी, गावात एकटं आमचंच पोरगं मागं राहीन." मला नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्याच्या पोरावर आपली तत्त्वं आजमावायला मी कोण? मी तर गावात राहतही नाही. तरीही शाळेला कुलूप लागता कामा नये, असं मला आज वाटतं आणि उद्याही वाटेल. दिवाळीला जाईन तेव्हा ग्रामसभेत उभा राहून हेच बोलणार आहे, कोणी फीची पावती तोंडावर मारली तरी.

यंदाचा हप्ता परवा रात्री पाठवला. बँकेच्या अर्जात पैसे कशासाठी ते लिहायचं असतं. 'शाळा' लिहायला माझा हात धजेना. नुसतं पोराचं नाव लिहिलं.