ब्रायन जोन्स खरेच ‘नावापुरता संस्थापक’ होता का?

‘रोलिंग स्टोन्स म्हणजे मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स, ब्रायन जोन्स नावापुरता संस्थापक, त्याने एकही गाणे रचले नाही, व्यसनांनी त्याला संपवले आणि शेवटी त्याचा खून झाला’, असा मजकूर गायक जॅगर आणि गिटारवादक रिचर्ड्स यांच्या या ब्रिटिश रॉक बँडबद्दल रॉकप्रेमींमध्ये सतत फिरत असतो.

यातला ‘नावापुरता’ हा शब्द पहिल्याच पुराव्यापुढे टिकत नाही. मे १९६२ मध्ये ‘जॅझ न्यूज’ या संगीतविषयक नियतकालिकात साथीदार हवेत अशी जाहिरात दिली ती चेल्टनमहून लंडनला आलेल्या वीस वर्षांच्या जोन्सने, तिला पहिला प्रतिसाद पियानोवादक इयन स्टुअर्टचा आला, जॅगर आणि रिचर्ड्स नंतर आले. अमेरिकन ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या गाण्यावरून बँडचे नाव ठेवले तेही त्यानेच. म्होरक्या म्हणून तो इतरांच्या नकळत आठवड्याला पाच पौंड जास्त घेत असे, हेही त्याच्या चाहत्यांनी लपवू नये.

खुनाचे म्हणावे तर ३ जुलै १९६९ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी, ससेक्समधल्या घराच्या जलतरण तलावात झालेला त्याचा मृत्यू अधिकृत चौकशीत अपघाती ठरला आणि २००९ मध्ये हाती घेतलेल्या फेरआढाव्यातही पोलिसांना तो निष्कर्ष बदलण्याजोगे काही सापडले नाही.

एकट्याच्या नावावर गाणे नाही, हे मात्र खरे आहे. तरीही १९६६ च्या ‘अंडर माय थंब’मधला मारिम्बा, म्हणजे लाकडी पट्ट्यांवर ठोके देऊन वाजवायचे वाद्य, मनातल्या मनात वगळून पाहावा, ज्या नादावरून ते गाणे ओळखू येते तोच हरवतो, आणि तो नाद जोन्सच्या हातचा आहे. ‘पेंट इट ब्लॅक’मधली त्याची सतार आपल्या कानांना बेताचीच वाटेल, पण त्या गाण्याचा तोंडवळा तिनेच घडवला.

व्यसने होतीच, पण क्रम उलटा लावू नये. व्यवस्थापक अँड्र्यू ओल्डमने जॅगर-रिचर्ड्स जोडीला गीतलेखनाकडे वळवले, मानधनासह सूत्रेही त्यांच्याकडे गेली, आणि हे सारे मे १९६७ मधल्या त्याच्या पहिल्या अटकेच्या आधीच घडून चुकले होते. ८ जून १९६९ रोजी जॅगर, रिचर्ड्स आणि बँडचा ड्रमवादक चार्ली वॉट्स घरी जाऊन त्याला बँडबाहेर काढल्याचे सांगून आले, त्याच्या जेमतेम वर्षभर आधी ‘नो एक्स्पेक्टेशन्स’साठी सगळे जमिनीवर गोल करून बसले होते, असे जॅगरनेच सांगितले आहे, त्या ध्वनिमुद्रणात तारांवरून नळी सरकवत वाजवलेली जी हळवी गिटार ऐकू येते, ती जोन्सची आहे.