वीस मिनिटांचं काम नव्हतं, सर

नमस्कार सर,

आमच्या गॅरेजबद्दलचा तुमचा रिव्ह्यू मंगळवारी सकाळी दुकान उघडतानाच वाचला. आधी माफी मागतो. शनिवारी रात्री फोनवर मीच तुम्हाला "झाली गाडी, सकाळी येऊन घेऊन जा" म्हणालो आणि रविवारी सकाळी शब्द फिरवला. चिपळूणच्या लग्नाला तुम्हाला भाड्याची गाडी करून जावं लागलं. एवढी चूक माझी. ब्रेकचं पेडल रात्रभर ठेवून बघितल्याशिवाय मी शब्द द्यायला नको होता. दुपारी तुमचे फोन आले ते उचलले गेले नाहीत, त्याबद्दलही माफ करा. दुकानातला पोरगा तुमच्याशी चढ्या आवाजात बोलला, त्याला मी त्याच दिवशी समज दिली आहे.

पण "ब्रेकची एअर काढायचं वीस मिनिटांचं काम, त्याला दोन दिवस लावले आणि वर नको तो पार्ट माथी मारला" असं तुम्ही लिहिलंय, ते मला फार लागलं. कालपासून दोन गिऱ्हाइकांनी फोन करून विचारलं, "वीस मिनिटांचंच काम असतं ना?" म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो. एअर काढायची म्हणजे ब्रेक ऑइलच्या पाइपांत शिरलेली हवा बाहेर काढायची; ती राहिली की पेडल मऊ लागतं.

गाडी आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी साडेसहाला आली. पेडल थेट बुडाला टेकत होतं, तुम्ही हॅन्डब्रेकवर हळूहळू आणली होती. घरी व्हिडिओ बघून एअर काढायचा प्रयत्न केल्याचं तुम्हीच सांगितलंत. रिव्ह्यूत मात्र त्याचा एक शब्द नाही, आणि सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

मागच्या डाव्या चाकाचं निपल (हवा आणि ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) पकडीने फिरवलेलं होतं. त्याला 8 नंबरचा रिंग पाना लागतो. पकड लावली की कडा गोल होतात, मग पाना बसतच नाही. गंज सोडवायचं तेल मारून अर्धा तास थांबलो, नंतर घट्ट लॉक होणारी ग्रिप लावून एका वेळी केसभर फिरवत फिरवत काढलं. घाई केली असती तर निपल आतच तुटलं असतं आणि अख्खा व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) बदलावा लागला असता. तो खर्च तुमचाच वाढला असता. या एका निपलाला आठ वाजले. चारी निपलं मोकळी असतील तर हेच काम माझ्याकडे पाऊण तासात होतं. वीस मिनिटांत मी आजवर कुणालाच करून दिलेलं नाही, आणि देणारही नाही.

त्यानंतर चारी चाकांची एअर काढली. तुमच्या गाडीत मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलणारा पंप) उजवीकडे आहे, म्हणून सगळ्यात लांबच्या मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करायची, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. तुम्ही पुढच्या उजव्यापासून सुरू केलं होतं. पद्धत तुम्ही बघितलीत ती चुकीची नाही. एकाने पेडल तीन-चार वेळा मारून दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली निपल थोडं सैल करायचं, बुडबुडे नळीतून बाटलीत आले की निपल घट्ट करायचं, आणि मगच पाय उचलायचा. निपल उघडं असताना पाय उचलला तर पेडल वर येताना बाहेरची हवा आत ओढून घेतं. पेडलवर तुम्ही मुलाला बसवलं होतं. दहा वर्षांचं लेकरू. मला म्हणाला, "काका, पप्पा ओके म्हणाले की मी सोडत होतो." त्याचा काही दोष नाही. पण ओके निपल घट्ट व्हायच्या आधी येत होतं की नंतर, हे तुम्ही एकदा आठवून बघा.

शिवाय तुमच्याकडची बाटली गेल्या पावसाळ्यात सील तोडलेली होती. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे उघडी राहिलेली बाटली वापरायचीच नाही. डॉट 3 दर्जाचं ऑइल नवं असताना 205 अंशाच्या आत उकळता कामा नये, पाणी शोषलेलं असताना ही मर्यादा 140 वर येते. आम्ही भरलेलं डॉट 4 नवं असताना 230 आणि पाणी शोषल्यावर 155. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरताना हाच फरक उपयोगी पडतो. ऑइल उकळलं की त्याची वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. तुमचं सगळं जुनं ऑइल काढून नवीन भरलं. साडेनऊला पेडल वर आलं, घट्ट लागलं. मला आनंद झाला आणि त्या भरात मी तुम्हाला फोन केला.

रविवारी आमचं दुकान बंद असतं. फक्त तुमची गाडी द्यायची म्हणून आठला उघडलं. इंजिन चालू करून पेडलवर पाय ठेवला आणि नुसता धरून ठेवला. आधी काही नाही. मग पायाखालून पेडल हळूहळू सरकायला लागलं. मी मनात आकडे मोजत होतो, तिसापर्यंत दोन इंच खाली गेलं होतं. चारी चाकं बघितली, पाइप बघितले, कुठे थेंब नाही. ऑइलच्या डबीतली पातळीही जशीच्या तशी. मग मास्टर सिलिंडरची बाहेर जाणारी तोंडं बंद करून पुन्हा दाबलं, तरी पेडल सरकलंच. म्हणजे आतला रबरी कप कापला होता आणि ऑइल आतल्या आत मागे जात होतं.

मास्टर सिलिंडर माथी मारलेला नाही, सर. रोज गाडी चालवताना पेडल कधी बुडापर्यंत जात नाही, त्यामुळे मास्टर सिलिंडरचा पुढचा भाग वापरलाच जात नाही. 2014 ची गाडी, त्या भागात गंज आणि मळ साचलेला. घरी एअर काढताना पेडल पन्नास-साठ वेळा बुडाला टेकवलं की रबर त्या खरबरीत जागेवरून घासतं. जुन्या गाडीचं काम करताना आम्ही पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो तो त्यासाठीच. माझ्या वडिलांनी शिकवलेली गोष्ट आहे, व्हिडिओत कुणी दाखवत नाही.

आता दोन दिवसांचं सांगतो. रविवारी पार्टची दुकानं बंद. सोमवारी अकराला दुकान उघडलं तर कऱ्हाडात तुमच्या मॉडेलचा मास्टर सिलिंडर नव्हता. कोल्हापूरहून एसटीने मागवला, तो तीनला स्टँडवर आला, पोराने जाऊन आणला. गाडीवर चढवायच्या आधी त्याची एअर टेबलावर काढावी लागते, नंतर पुन्हा चारी चाकांची. साडेपाचला मी स्वतः ट्रायल घेतली आणि सहाला तुमच्या हातात चावी दिली. गाडीवर आमचा प्रत्यक्ष हात साडेसात तास होता. मजुरी लावली 900 रुपये. शनिवारच्या आणि सोमवारच्या एअरचे वेगळे पैसे धरले नाहीत, रविवारचेही नाहीत. बाकी पार्ट आणि ऑइल, त्याची बिलं तुमच्या बिलाला टाचून दिली आहेत. तुम्ही म्हणता तो फेंडरवरचा, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावरचा, डागही आमच्याकडे पडलेला नाही. ब्रेक ऑइल सांडलं की लगेच भरपूर पाण्याने धुवायचं असतं, फडक्याने पुसलं की ते पसरतं आणि रंग उचलतं. गाडी आली तेव्हाचा फोटो माझ्याकडे आहे.

रविवारी सकाळी तुम्ही म्हणालात, "पेडल लागतंय ना, मग द्या गाडी." लागत होतं, खरं आहे. मारलं की वर यायचं, धरलं की सरकायचं. तुमच्याबरोबर वहिनी, दोन मुलं आणि आजी होत्या आणि तुम्ही कुंभार्ली घाट उतरणार होतात. तुम्ही रागावलात तरी चावी देणं मला जमलं नाही. उद्याही जमणार नाही.

घरी काम करू नका असं मी म्हणत नाही. हौसेने शिकणारी माणसं मला आवडतात. पण ब्रेकला हात घालायचा असेल तर आधी मला फोन करा, ठोकळा आणि रिंग पाना मी देतो, पैसे नकोत. आणि ज्यांच्या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे (2019 नंतर घेतलेल्या नव्या गाड्यांना असतंच) त्यांनी डबी रिकामी होऊ देऊच नका. हवा त्या युनिटमध्ये गेली की बऱ्याच गाड्यांत ती स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही.

रविवारी फोन उचलायला कुणाला तरी ठेवायचं बघतोय, आणि रात्री "झालं" म्हणून सांगायचं मी बंद केलंय. बाकीही सुधारणा करू.

स्टार वाढवा असं म्हणणार नाही, तो तुमचा अधिकार आहे. फक्त ते "वीस मिनिटांचं काम" तेवढं काढलंत तर बरं होईल, माझं घर या दुकानावर चालतं. तुमचा जुना मास्टर सिलिंडर मी खोलून पिशवीत बांधून ठेवला आहे, वर तुमच्या गाडीचा नंबर लिहिला आहे. पुढचा कप कडेला अर्धा इंच फाटलेला आहे, नुसत्या डोळ्यांना दिसतो. मुलालाही सोबत घेऊन या, दोघांना दाखवतो.