बदामाची पानं कोण झाडणार?

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय आहे: पार्किंगलगतचा देशी बदाम तोडायचा की ठेवायचा. पानं गाड्यांवर पडतात, गटार तुंबतं, झाडणाऱ्या मावशी कुरकुरतात. थंडीतली पानगळ सुरू व्हायच्या आत तोडलेला बरा. वर एका काकांचं पालुपद, 'परदेशात बघा, रस्त्यावर एक पान दिसत नाही!'

काका, मी परदेशातच आहे. न्यू जर्सीत ऑक्टोबर अर्धा सरलाय आणि माझ्या ड्राइव्हवेवर घोटाभर पानं साचलीत. परसात दोडक्याच्या वेलावर भुरी चढलीय. टोमॅटो हिरवेच आहेत आणि आता पिकायचेही नाहीत, चटणीला काढावे लागणार. तुळशीची वरची पानं थंडीने काळी पडली. कढीपत्त्याची कुंडी दिवाणखान्यात आणली, तिच्यासोबत मुंग्याही आल्या. दसऱ्याच्या तोरणाला पुरून उरलेला झेंडू तेवढा पहिल्या फ्रॉस्टची वाट बघत फुललाय. दोडका उपटला की त्या वाफ्यात लसूण, तो निघेल थेट जुलैत.

पण मुद्दा पानांचा. 1987 च्या कायद्यापासून इथे पानं वेगळी काढावी लागतात, इतर कचऱ्यात टाकता येत नाहीत. आमचं टाउनशिप, म्हणजे इथली नगरपालिका, ती रस्त्याच्या कडेवरून उचलते आणि त्यांचं खत होतं. म्हणजे रस्ता स्वच्छ दिसतो तो झाडं तोडून नव्हे. (लीफ ब्लोअरच्या आवाजाबद्दल मी इथे बोलणार नाही, तो माझ्या बाजूचा पुरावा नाही.) दिवस लहान झाले की मेपलच्या पानातलं हरितद्रव्य ओसरतं, अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य तयार होतं, पान लाल होतं. ते बघायला लोक तासन्‌तास गाडी चालवत व्हर्मॉंटला जातात. आमचा बदाम गळण्याआधी तसाच लालभडक होतो, तर तो कचरा.

कुणी सुचवलं, पानं कोपऱ्यात जाळून टाकू. उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादाने 2016 मध्ये देशभर बंदी घातली, साध्या जाळण्यालाही 5,000 रुपये दंड. आणि 1975 च्या कायद्यामुळे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडताही येत नाही, ठराव कितीही बहुमताने होवो.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, 'साहेब, फ्लॅट भाड्याने दिलाय, तुम्ही तिकडे. आधी झाडायला या, मग बोला.' त्यावर पाच-सहा अंगठे.

झोंबलं. इथे मी स्वतः रेक घेऊन झाडतोच की! पण ज्या मेपलखाली झाडतो, तो मॉर्गेजसकट माझ्या नावावर असूनही त्याला मी कधी 'आमचं झाड' म्हटलेलं नाही. बदामाला म्हणतो. त्याचं फळ टाकीच्या कठड्यावर दगडाने ठेचायचं, निम्मी बी दगडालाच चिकटायची, उरलेली करंगळीच्या नखाएवढी खायची, आणि वरून शर्टाला डाग. मुलाला हे सांगितलं तर त्याने विचारलं, एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठी.

रविवारी सभा आहे. सावली भाडेकरूंच्या खिडकीवर पडते, मत मात्र माझं. ऑनलाइन चालेल का, असं सेक्रेटरींना विचारलंय. त्यांनी आधी मेंटेनन्सची थकबाकी कळवली. भरली. आता उत्तर द्या म्हणावं.